खजरान्याची हर्षद संख्या

इंदूर शहराच्या पूर्वेकडील खजराना हा भाग मराठी माणसाला ठाऊक आहे तो तेथील गणपतीमुळे. होळकरांच्या या नगरीतील हे देवस्थान अहिल्यादेवींनी उभारल्याचे सांगितले जाते. नवस बोलताना मंदिराच्या मागच्या भिंतीवर उलटे स्वस्तिक काढायचे आणि इच्छा फळाला आली की पुन्हा येऊन ते सरळ काढायचे, असा तिथला प्रघात आहे. या खजरान्याला पत्र पाठवायचे झाले, तर पत्त्याच्या शेवटी सहा आकडे लिहावे लागतात : ४५२०१६. हा तेथील पिनकोड. पत्त्याच्या शेपटाला जोडलेल्या या आकड्यांकडे संख्या म्हणून कोणी पाहत नाही. परंतु चार लाख बावन्न हजार सोळा ही एक पूर्ण संख्याही आहे आणि प्रत्येक पूर्ण संख्येला तिचे स्वतःचे गुणधर्म असतात. त्यांतील काही गुणधर्म पाहण्याची दृष्टी नाशिकजवळच्या देवळाली येथील एका शाळामास्तरांनी जगाला दिली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव.

पत्त्यातील संख्या

भारतात पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते. सारख्या नावांची गावे, निरनिराळ्या भाषा आणि लिप्या यांमुळे पत्रे भलतीकडे जात. त्यावर सहा अंकांचा तोडगा निघाला. पहिला अंक विभाग दाखवतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारे टपाल कार्यालय. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या वाट्याला पहिला अंक ४ आला. त्यामुळे इंदूरचे ४५२ आणि गोव्याचे ४०३ हे एकाच घराण्यातले म्हणावे लागतील.

टपाल खात्याने हे आकडे गणिताकडे पाहून दिलेले नाहीत. ते वाटपाच्या सोयीसाठी दिले. म्हणूनच ते पारखण्यास चांगले आहेत. कोणीही मुद्दाम न निवडलेल्या संख्येत काय काय सापडते, हे त्यांवरून कळते.

साठ विभाजक आणि एक एकाकी संख्या

कोणत्याही संख्येची खरी ओळख तिच्या मूळ अवयवांतून होते. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष भाग जात नाही, ती मूळसंख्या. प्रत्येक पूर्ण संख्या मूळसंख्यांच्या गुणाकाराने एकाच प्रकारे बनते, हा अंकगणिताचा पायाभूत सिद्धांत आहे. खजरान्याच्या संख्येला २ ने लागोपाठ चार वेळा भाग जातो आणि २८,२५१ उरतात. त्यांना ३ ने दोनदा भाग जातो आणि ३,१३९ उरतात. ही संख्या म्हणजे ४३ गुणिले ७३. इथे फोड संपते.

या फोडीवरून विभाजक किती, हे मोजता येते. विभाजकात २ हा अवयव शून्य ते चार वेळा घेता येतो, म्हणजे पाच पर्याय. ३ साठी तीन पर्याय, ४३ साठी दोन आणि ७३ साठी दोन. यांचा गुणाकार ६०. म्हणजे चार लाख बावन्न हजार सोळा वस्तू सारख्या वाट्यांत मांडण्याचे साठ मार्ग आहेत. स्वतःला वगळून बाकीच्या एकोणसाठ विभाजकांची बेरीज ८,६०,१५२ भरते. ती मूळ संख्येहून मोठी असल्यामुळे गणितात अशा संख्येला विपुल संख्या म्हणतात.

आता पणजीकडे वळू. पणजीचा पिनकोड ४०३००१. त्याचे वर्गमूळ ६३४ आणि ६३५ यांच्या मध्ये येते. म्हणून ६३४ पर्यंतच्या मूळसंख्यांनी भाग देऊन पाहिले की पुरते. त्याहून मोठा विभाजक असेल, तर त्याचा जोडीदार ६३४ च्या आतच सापडला पाहिजे. अशा मूळसंख्या ११५ आहेत. एकेकीने भागून पाहिले, तर प्रत्येक वेळी काही ना काही बाकी उरते. पणजीचा पिनकोड ही मूळसंख्या आहे. एकाच अंकाने सुरू होणाऱ्या या दोन पिनकोडांपैकी एकाला साठ विभाजक आणि दुसऱ्याला अवघे दोन.

सहा अंकी संख्येसाठी कागद, पेन्सिल आणि एक दुपार पुरते. शेकडो अंकांची संख्या आली की कथा पालटते. अशी संख्या मूळ आहे की नाही, हे ठरवण्याची सर्व संख्यांना लागू पडणारी आणि सिद्धतेने भक्कम अशी जलद रीत २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. मात्र ती मूळ नसेल, तर तिचे अवयव शोधणे आजही अतिशय कठीण आहे. इंटरनेटवरील व्यवहार सुरक्षित ठेवणारी एक प्रमुख कूटपद्धती याच अडचणीवर उभी आहे.

आनंद देणारी संख्या

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ठाण्यात शालेय शिक्षण घेऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी मिळाली. पुढचे उच्च शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले आणि उरलेला वेळ संख्यांत घालवत राहिले.

त्यांनी एका प्रकारच्या संख्यांना ‘हर्षद’ हे नाव दिले. हर्ष देणारी ती हर्षद. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, ती हर्षद संख्या. १२ चे अंक १ आणि २, बेरीज ३, आणि बाराला तिनाने भाग जातो. खजरान्याच्या संख्येचे अंक ४, ५, २, ०, १, ६ यांची बेरीज १८. चार लाख बावन्न हजार सोळा भागिले अठरा बरोबर पंचवीस हजार एकशे बारा. बाकी शून्य. खजरान्याचा पिनकोड हर्षद आहे.

इथे थांबलो तर ती गंमत राहील. असे का घडते, हे विचारले की गणित सुरू होते. दहा म्हणजे नऊ अधिक एक, शंभर म्हणजे नव्व्याण्णव अधिक एक, हजार म्हणजे नऊशे नव्व्याण्णव अधिक एक. म्हणून कोणत्याही संख्येतून तिच्या अंकांची बेरीज वजा केली, तर उरलेल्या भागाला ९ ने भाग जातोच. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागल्यास बाकी सारखीच येते. खजरान्याच्या अंकांची बेरीज १८ आहे, म्हणून संख्येला ९ ने भाग जाणारच. शेवटी ६ हा सम अंक आहे, म्हणून २ नेही जाणार. दोन आणि नऊ या दोहोंनी भाग गेला की अठराने जातोच. अर्थात, अंकांची बेरीज १८ असलेली प्रत्येक सम संख्या हर्षद असते. हेच सहा अंक उलटसुलट करून ६५४२१० लिहिले, तरी अठराने भाग जातो आणि ३६,३४५ येतात. शेवटी ५ किंवा १ ठेवला की संख्या विषम होते आणि हा गुण नाहीसा होतो.

हा नियम हाती आला की तो गोव्यातही लावून पाहता येतो. सांगे येथील पिनकोड ४०३७०४. अंकांची बेरीज १८, शेवटचा अंक सम. भागाकार न करताच सांगता येते की ती हर्षद संख्या आहे. डिचोलीचा ४०३५०४ हाही हर्षद आहे, परंतु त्याचे कारण निराळे. तेथे बेरीज १६ येते आणि सोळाने भाग जातो की नाही, हे शेवटच्या चार अंकांवरून ठरते. ३५०४ म्हणजे सोळा गुणिले दोनशे एकोणीस. पणजीची संख्या मात्र मूळ असल्यामुळे हर्षद असूच शकत नाही. तिच्या अंकांची बेरीज ८, आणि तिला १ व स्वतःखेरीज कोणाचाही भाग जात नाही.

हर्षद संख्या किती दुर्मीळ? शंभरपर्यंत ३३ आहेत, हजारपर्यंत २१३ आणि दहा लाखांपर्यंत ९५,४२८. दहा लाखांपर्यंतच्या मूळसंख्या ७८,४९८. म्हणजे सहा अंकांच्या जगात हर्षद संख्या मूळसंख्यांहून काहीशा अधिकच भेटतात.

जिला जनक नाही

कापरेकरांनी आणखी एक खेळ मांडला. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २१ मध्ये ३ मिळवले की २४. इथे २१ ही जनक संख्या आणि २४ हे तिचे अपत्य. मग काही संख्या अशा निघतात की त्यांना जनकच सापडत नाही. २० ही तशी संख्या. अशा संख्यांना इंग्रजीत ‘सेल्फ नंबर’ आणि देवळालीच्या नावावरून देवळाली संख्या म्हणतात. मराठीत त्यांना स्वयंभू म्हणता येईल.

४५२०१६ ला जनक आहे का? सहा अंकांची बेरीज जास्तीत जास्त ५४ होते. त्यामुळे जनक असलाच, तर तो ४५१९६२ ते ४५२०१५ यांच्या दरम्यान असणार. वर सांगितलेला नऊचा नियम लावला की चोपन्न उमेदवारांपैकी सहाच उरतात. जनक आणि त्याच्या अंकांची बेरीज यांना नवाने भागल्यास बाकी सारखी, म्हणून दोहोंच्या बेरजेत ती दुप्पट होते. खजरान्याच्या संख्येला नवाने पूर्ण भाग जातो, तेव्हा जनकालाही नवाने भाग जायलाच हवा. असे सहा जण म्हणजे ४५२००७, ४५१९९८, ४५१९८९, ४५१९८०, ४५१९७१ आणि ४५१९६२. त्यांच्यात त्यांच्या अंकांची बेरीज मिळवली, तर अनुक्रमे ४५२०२५, ४५२०३४, ४५२०२५, ४५२००७, ४५१९९८ आणि ४५१९८९ येतात. ४५२०१६ कुठेच नाही. खजरान्याची संख्या स्वयंभू आहे. स्वयंभू संख्यांचे प्रमाणही साधारण दहांत एक असेच आहे.

सात संख्यांची प्रदक्षिणा

कापरेकरांचे नाव जगभर झाले ते ६१७४ या संख्येमुळे. १९४९ मध्ये त्यांना आढळले की सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने लिहावेत, मोठीतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर तीच कृती पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तीच येत राहते. खजरान्याच्या पिनकोडातील शेवटचे चार अंक २०१६ घेतले, तर ६२१० वजा ०१२६ म्हणजे ६०८४. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४.

सहाही अंक घेतले तर निराळे दृश्य दिसते. सहा अंकांत दोन स्थिर संख्या आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४. याशिवाय सात संख्यांचे एक चक्र आहे. सगळे अंक सारखे नसलेली प्रत्येक सहा अंकी संख्या या तिन्हींपैकी एका ठिकाणी पोहोचते. ६५४२१० मधून ०१२४५६ वजा केले की ६४१७५४ येतात. मग ६२०८७४ आणि त्यानंतर ८५१७४२. इथून चक्र सुरू होते : ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि पुन्हा ८५१७४२. खजरान्याची संख्या एकदा या प्रदक्षिणेत शिरली की बाहेर पडत नाही.

हार्डी यांचा आक्षेप

अशा गुणधर्मांना खरे गणित म्हणावे का, हा वाद जुना आहे. श्रीनिवास रामानुजन यांना जगापुढे आणणारे केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचे उदाहरण घेतले होते. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. दोन्ही आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत आहेत. हार्डी यांच्या मते हे वर्तमानपत्री कोड्यांना शोभणारे आहे, गणितज्ञाला त्यात रस वाटावा असे काही नाही. कापरेकरांच्या कामाकडेही अनेक गणितज्ञ प्रदीर्घ काळ याच नजरेने पाहत राहिले.

आक्षेपात तथ्य आहे. खजरान्याच्या संख्येचे मूळ अवयव ती कशीही लिहिली तरी तेच राहतात. तिचे हर्षदपण मात्र दहाच्या पटीत लिहिण्याच्या आपल्या सवयीवर अवलंबून आहे. संगणक संख्या ० आणि १ या दोनच अंकांत लिहितो. त्या द्विमान पद्धतीत खजरान्याची संख्या ११०१११००१०११०११०००० अशी होते. तिच्यातील एक या अंकाची बेरीज दहा येते, आणि चार लाख बावन्न हजार सोळाला दहाने भाग जात नाही. संगणकाच्या लेखी ती हर्षद नाही. पणजीची संख्या तेथेही मूळच राहते.

तरीही हार्डी यांचा निकाल शेवटचा ठरला नाही. अंकांवर बेतलेला प्रश्न साधा दिसतो, म्हणून त्याचे उत्तर साधे असेलच असे नाही. एकापाठोपाठ एक किती हर्षद संख्या येऊ शकतात? १ ते १० या दहा सलग येतात, हे पोरही सांगेल. कर्टिस कूपर आणि रॉबर्ट केनेडी या गणितज्ञांनी १९९३ मध्ये सिद्ध केले की एकवीस सलग संख्या कधीच हर्षद असू शकत नाहीत, परंतु वीस सलग हर्षद संख्या सापडतात आणि अशा मालिका अनंत आहेत. त्यांनी रचलेल्या मालिकेतील संख्या इतक्या मोठ्या आहेत की प्रत्येकीत चार हजार चारशे कोटींहून अधिक अंक येतात. शाळकरी भागाकारापासून निघालेला प्रश्न इथवर पोहोचतो. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि मग देवळालीचे नाव जगभरच्या गणितप्रेमींच्या ओठी आले. कापरेकर १९८६ मध्ये निवर्तले.

योगायोग आणि कारण

संख्येत काही विशेष दिसले की त्यामागे संकेत शोधण्याची माणसाला ओढ असते. वाहनाच्या क्रमांकाची बेरीज नऊ यावी म्हणून जादा पैसे मोजणारे आणि नावातील अक्षरे बदलून नशीब पालटण्याचा सल्ला देणारे आपल्या आसपास आहेत. खजरान्याची संख्या हर्षद, स्वयंभू आणि विपुल आहे, शिवाय तिचा पत्ता गणपतीच्या दारचा आहे, एवढ्या भांडवलावर कोणीही शुभसंख्येचे दुकान थाटू शकेल.

त्याला गोमंतकीय गिऱ्हाईकही मिळेल. खजरान्याच्या सर्व विभाजकांची बेरीज काढताना चार कंस गुणावे लागतात. २ च्या घातांच्या कंसाची बेरीज ३१, तिनाच्या घातांची १३, नंतर ४४ आणि ७४. पहिल्या दोन कंसांचा गुणाकार ४०३. गोव्याचा प्रत्येक पिनकोड ज्या तीन अंकांनी सुरू होतो, तेच हे अंक. इंदूरच्या गणपतीने गोव्याला बोलावणे धाडले, असे म्हणण्याचा मोह कोणालाही व्हावा.

परंतु इथे ‘का’ असे विचारले तर उत्तर मिळत नाही. टपाल खात्याने गोव्याला ४०३ देताना विभाजकांचा विचार केलेला नव्हता आणि विभाजकांना गोवा ठाऊक नाही. हा निव्वळ योगायोग आहे. एका संख्येकडे पन्नास बाजूंनी पाहिले की एखाद्या बाजूने असे काही दिसायचेच. त्यापासून पुढे काहीही निघत नाही. याउलट, अंकांची बेरीज अठरा आणि शेवटी सम अंक, म्हणून संख्या हर्षद, या विधानाला कारण आहे. ते कारण खजरान्यात सापडले आणि सांग्याला जसेच्या तसे लागू पडले. उद्या तिसऱ्या गावालाही लागेल. अंकज्योतिष आणि गणित यांच्यामधील सीमारेषा ही एवढीच आहे, आणि ती ओळखण्यासाठी पदवी लागत नाही.

कापरेकरांपाशी मोठे ग्रंथालय नव्हते, पदव्युत्तर शिक्षण नव्हते आणि गणकयंत्रही नव्हते. त्यांच्याजवळ होता तो कागद आणि आकड्याला प्रश्न विचारण्याची सवय. ज्यांच्या घरात मुले पाढे घोकत आहेत, त्यांना या सवयीचा आरंभ दारावर आलेल्या पाकिटापासून करता येईल. त्यावरचा पिनकोड घ्यावा, अंकांची बेरीज करावी आणि भाग देऊन पाहावा. भाग गेला तर का गेला, आणि न गेल्यास कोणता अंक बदलल्यावर जाईल, हे मुलांनाच शोधू द्यावे.